आयत्या वेळचे विषय

ग्रामसभा कोरमअभावी तहकूब,
असं मी आधीच लिहून ठेवते, पेन्सिलीनं.
नंतर फक्त शाई फिरवायची.

साडेअकरा. मंडपात सदतीस माणसं, त्यांत सहा बाया,
आणि मधोमध एक रिकामी सतरंजी.
तिच्या अलीकडे विशे आळी बसते, पलीकडे कातकरवाडी.
आज वाडीतलं कुणीच नाही.

मुरबाडपासून चौदा किलोमीटर, काळूला मिळणारा ओढा,
त्यावर केटी बंधारा, सतरा फळ्यांचा.
गेल्या पौषात एका रात्रीत सगळ्या फळ्या निघाल्या.
सकाळी भेंडीच्या मळ्यांना नुसता चिखल दिसला.
मासळीसाठी काढल्या, सीताराम विशे म्हणाले.
शेवंता हिलमचा नवरा दोन रात्री चौकीत बसून आला.
फळ्या कुणी काढल्या
ते अजून कुणाला ठाऊक नाही.
वेशीवरच्या पत्र्याच्या फलकावर
तंटामुक्त गाव असं होतं.
गंजानं नेमकं मुक्त खाल्लं.

मी आराखडा वाचायला घेते:
अंगणवाडीचं छप्पर, दिवाबत्ती,
स्मशानाकडचा रस्ता (चौथ्या वर्षी चौथ्यांदा).
तेवढ्यात एक पोरगं धापा टाकत येतं,
"निहाल पान्यात हाय, निहाल!"

सीताराम विशे अनवाणी उठले.
त्यांच्या मागे आळी, आळीमागे उरलेला गाव,
सगळ्यांत शेवटी इतिवृत्ताची वही छातीशी धरून मी.
मला पोहता येत नाही.

निहाल पाण्यात होता खरा.
पाठीला पाच लिटरचा तेलाचा डबा, सुंभानं बांधलेला,
आणि पोटाखाली शेवंताचा हात.
वाडी दोन्ही काठांवर बसून बघत होती.
नऊ दिवस झाले म्हणे. चेंडू काढताना पडला होता,
हिनंच ओढला वर, आणि कुणाला बोलली नाही,
कारण बोलली असती तर
आधी विचारलं असतं, तू तिथं काय करत होतीस.

"पान्याला मारू नको रं," ती सांगत होती,
"थाप. आयस भाकर थापते ना, तशी."
पोर थापत होतं.
मग तिनं गाठ सोडली आणि डबा काठावर फेकला.
तो खडखडत येऊन सीतारामच्या पायाशी थांबला.

पोर बुडालं. वर आलं. ठसकलं.
नाकातोंडातलं पाणी, शिव्या, सगळं एकदम बाहेर टाकलं
आणि वेडंवाकडं, कुत्र्यासारखं,
सातव्या फळीपर्यंत गेलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
सत्तर वर्षं या पाण्यावर भेंडी पिकवणारे सीताराम
गुडघाभर पाण्यात उभे होते, त्याच्या पुढे त्यांना येत नव्हतं.

"डबा बांध त्याला परत," ते म्हणाले.
"नको. आता नको."
"बांध म्हणतो ना!"
"तुमी बांधा. या हितवर."

दहा महिन्यांत वाडीशी त्यांचं झालेलं
हे पहिलं बोलणं.

मी डोकी मोजली. एकशे चार.
पेन्सिलीची ओळ खोडली आणि लिहिलं:
सभा सुरू, अकरा पन्नास, स्थळ बंधारा.
आयत्या वेळचे विषय, क्रमांक एक:
पाण्यात उतरायला पायऱ्या.
सूचक शेवंता हिलम. अनुमोदक मिळेना,
मग निहालनंच हात वर केला, ओला,
तो धरता येत नाही, अज्ञान आहे, असं मी समजावलं,
तर म्हणाला, मला येतंय की आता.

पायऱ्या कोणत्या काठाला, यावरून पुन्हा जुंपली.
आळीच्या की वाडीच्या.
मी शब्दन् शब्द उतरवून घेतला, एकही गाळला नाही,
अगदी आईमाईवरचेसुद्धा.
फळ्यांचा विषय निघाला नाही.
निघेल.

खाली सह्या. सीतारामची मोडीसारखी, एका झटक्यात.
शेवंताचा अंगठा ओला होता,
त्यामुळे शाई पसरली, पार पुढच्या पानापर्यंत.
ऑडिटला विचारतील, हे काय?